स्पॅनिश शब्दचर्चा: ‘कुरार’, ‘सानार’ आणि बाकीचे दुरुस्तीवाले

प्रश्न: बरं करणं, दुरुस्त करणं यांसाठी स्पॅनिशमध्ये कुरार, सानार, आर्रेग्लार, रेपारार, सोलुसिओनार अशी रांगच आहे. शब्दकोशात सगळ्यांपुढे जवळपास तेच अर्थ. कुठे काय वापरायचं?

उत्तर: मी ज्या वाक्याला अडखळले, तिथून सुरुवात करते. ‘ला एन्फेर्मेरा ले कुरा ला एरीदा कादा दोस दीआस.’ मी लिहिलं, ‘नर्स दर दोन दिवसांनी त्याची जखम बरी करते.’ तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने विचारलं, ‘एकदा बरी झाली, मग परत कशाला?’ इथे कुरार म्हणजे जखम धुऊन, औषध लावून पट्टी बदलणं. आपलं ड्रेसिंग. लॅटिन ‘कुरारे’चा अर्थच मुळी निगा राखणं, काळजी घेणं. बरं होणं नंतरचं.

म्हणून कुरारमागे कुणीतरी करणारं असतं: डॉक्टर, औषध, मलम. सानारलाही कर्म चालतं, पण ते पुष्कळदा जखमेच्या बाजूने बोलतं. ‘ला एरीदा सानो’, जखम भरून आली. मूल पडलं की आई दुखऱ्या जागेवर हात फिरवत ‘साना, साना, कोलीता दे राना’ म्हणते. बरी हो गं, बेडकाच्या शेपटे, आज नाही तर उद्या. तिथे ‘कुरा, कुरा’ म्हणून बघा, आईचा हात जाऊन दवाखाना येतो. हाडाला मात्र सोल्दार, धातू जोडतात तेच क्रियापद. आपल्याकडेही हाड सांधतंच.

कुरार स्वयंपाकघरातही भेटतं. ‘हामोन कुरादो’ म्हणजे मीठ लावून महिनोन्‌महिने वाळवलेली डुकराची मांडी. चीज ‘कुरादो’ असेल तर मी ‘मुरलेलं’ म्हणेन.

वस्तूंचं सोपं आहे. यंत्र, छप्पर, रस्ता यांना रेपारार. आर्रेग्लार घरगुती आणि ऐसपैस: नळ, सायकल, खोली आवरणं, आणि ‘आर्रेग्लार्से’ म्हणजे आवरून, नटून तयार होणं. अडचणीला सोलुसिओनार किंवा रेसोल्वेर. रूपं सरळ चालतात म्हणून शिकणारे सोलुसिओनारला चिकटून राहतात. पण गणित किंवा खुनाचा छडा यांना रेसोल्वेरच शोभतं, तेव्हा त्याचं वाकडं रूप ‘रेसुएल्वो’ (मी सोडवते) पाठ कराच.

प्रश्न: एका सरकारी पत्रात ‘सुबसानार’ दिसलं. हे सानारचंच भावंड का?

उत्तर: हो, पोटात तोच ‘सानो’, निरोगी. पण हे माणसाला लावत नाहीत. ते चुका आणि उणिवांसाठी, आणि सर्वाधिक भेटतं कागदपत्रांत. स्पेनच्या 2015 च्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यात, कलम 68 मध्ये, अर्जात काही राहून गेलं तर ‘सुबसानार’ करायला अर्जदाराला 10 दिवस मिळतात. मराठी करताना ‘अर्ज दुरुस्त करा’ लिहू नका. दाखला जोडायचा राहिला असेल तर दुरुस्त काय करणार? ‘त्रुटींची पूर्तता करा’ लिहा. आपल्या कचेऱ्यांतून येणाऱ्या पत्रात हेच असतं.