'गो' म्हणजे आपला 'गम्' का? आणि मग 'वेन्ट' कुठला?

अक्षरवेल: गो–वेन्ट–गॉन यात मधला शब्द कुठून घुसला? 'गो' आणि संस्कृत 'गम्' मुळात एकच, असंही वाचलंय. खरं का? वॉक, ट्रॅव्हल, सॉन्टर (रमतगमत फिरणे) यांची मुळंही हवी आहेत. सॉन्टर म्हणे फ्रेंच 'सॅंत तेर', म्हणजे पवित्र भूमी, यावरून आला.

धातुपाठी: 'वेन्ट' हा मुळात 'वेन्ड'चा भूतकाळ, सेन्ड–सेन्टसारखा. वेन्ड म्हणजे वळणे, वाट धरणे. 'गो'चं जुनं भूतकाळी रूप 'एओदे' होतं, तेही दुसऱ्याच धातूचं. १५००च्या सुमारास 'वेन्ट'ने त्याची जागा बळकावली. यात नवल नाही, आपलं 'जाणे' तसंच आहे: 'जातो' हे संस्कृत 'या' (जाणे) ह्या धातूचं, 'गेला' हे 'गम्'च्या 'गत'वरून आलेलं.

'गम्'चा सख्खा भाऊ मात्र 'गो' नव्हे, 'कम' (येणे)! संस्कृतात जिथे ग किंवा ज, तिथे इंग्रजीत बहुधा क: गौः–काऊ, जानु–नी (गुडघा), ज्ञा–नो (जाणणे). शेवटच्या दोन्हींच्या स्पेलिंगमधला मुका 'के' हा त्याच 'क'चा अवशेष, एके काळी तो उच्चारला जाई. उलट इंग्रजी 'ग'समोर संस्कृतात घ किंवा ह येतो, जसं गूस–हंस. म्हणून 'गो' आणि 'गम्' यांचं कानाला वाटणारं साम्य हाच त्यांच्या नात्याविरुद्धचा पुरावा.

पायवाट: 'वॉक'चा जुना अर्थ लोळणे, गडगडणे, लाटांसारखं हेलकावणे. पायी चालणे हा अर्थ तेराव्या शतकापासून रुळला. ओलं लोकरी कापड तुडवून घट्ट करण्यालाही वॉक म्हणत, वॉकर हे आडनाव त्या धंद्यावरून पडलं.

ट्रॅव्हल हा फ्रेंच 'त्रावाय'वरून, म्हणजे कष्ट. त्याच्या मागे लॅटिन 'त्रिपालियुम', तीन खांबांचं छळयंत्र. जर्नी म्हणजे मुळात एका दिवसाची मजल. अराइव्ह म्हणजे काठाला लागणे, त्यामुळे सुरुवातीला जलमार्गाने येणारेच 'अराइव्ह' होत.

अक्षरवेल: आणि सॉन्टर?

धातुपाठी: 'सॅंत तेर' ही लोकव्युत्पत्ती, म्हणजे लोकांनी मागाहून रचलेली उगमकथा. गोष्ट गोड आहे, म्हणून टिकली. कोश ती मान्य करत नाहीत.