सर्वेक्षणात सापडलेला प्रत्येक चट्टा कुष्ठरोगच का?

वैनगंगाकाठ: घरोघरच्या तपासणीत माझ्या नऊ वर्षांच्या भाचीच्या गालावर फिकट चट्टा दिसला. शिबिरात पाच मिनिटांत कुष्ठरोग ठरला आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं, तर लहान मुलांना होतो तसा साधा कोरडा डाग निघाला. तोवर शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना. दहा हजारांत एक खरा रुग्ण आणि तपासणाऱ्याची चूक शेकड्याला एक धरली, तरी एका खऱ्यामागे शंभर खोटे निघतात. दुसऱ्या जाणकाराने पाहिल्याशिवाय गोळी देऊच नये.

तांड्यावरची आशा: ताई, वाचून वाईट वाटलं. पण आम्ही फक्त संशयित लिहितो, निदान डॉक्टर करतात. तुमचे शंभर तिथेच गळायला हवेत. डिसेंबर 2005 मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारी एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं आणि घरोघर शोधणं मागे पडलं. 2016 मध्ये पुन्हा शोधमोहीम सुरू करावी लागली. बोटं वाकल्यावर रुग्ण सापडला तर काय उपयोग?

निवृत्त पर्यवेक्षक: मोहीम हवीच, घाई नको. नुसता फिका चट्टा पुरत नाही, तिथे बधिरपणा हवा. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर कापसाचं टोक टेकवून समजवायचं. मग डोळे मिटायला लावून, टेकलं तिथे बोट ठेवायला सांगायचं. कापूस घासायचा नाही, घासला की शेजारच्या चांगल्या कातडीला स्पर्श कळतो. गालावर ही परीक्षा फसते. चेहऱ्याला मज्जातंतू दाट, त्यामुळे खऱ्या चट्ट्यावरही स्पर्श कळतो. शिवाय मूल कंटाळलं की कुठेही बोट ठेवतं. अशा मुलाला संशयित लिहून तीन महिन्यांनी पुन्हा बघावं.

वैनगंगाकाठ: मी हेच म्हणतेय!

तांड्यावरची आशा: दिवाळीनंतर अर्धा तांडा ऊसतोडीला जातो. तीन महिन्यांनी मी कुणाला बघू?

निवृत्त पर्यवेक्षक: बधिर चट्टे पाचाच्या वर असतील, किंवा कोपराची नस जाड होऊन करंगळी बधिर असेल, तर एक दिवसही थांबू नका. बारा महिन्यांचा उपचार लगेच सुरू करा.

वैनगंगाकाठ: ते मान्य. पण पोराच्या गालावरच्या एकट्या चट्ट्याला दुसरी नजर हवीच. आणि तोवर ते नाव शाळेपर्यंत जाता कामा नये. आमच्याकडे ते यादीतूनच फुटलं होतं.