मदत हवी आहे: ओम्नीचा शाफ्ट घरी बदलला, आता 55 ला गाडी थरथरते

मंडळी, मारुती ओम्नी आहे. जुन्या प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला फिरवणारा दांडा) दोन्ही क्रॉस (टोकांचे वळणारे सांधे) गेले होते, म्हणून बाजारातला नवा शाफ्ट आणून पार्किंगमध्येच बसवला. नाशिकात द्वारका ते आडगाव हायवेला 55 पासून सीटखाली थरथर, 65 नंतर कमी. क्लच दाबून न्यूट्रल केलं तरी तशीच. गिअरबॉक्सच्या शेपटीतून ऑइलही पाझरतंय. चाकांचं बॅलन्सिंग झालंय. खोलताना फ्लँजवर (शाफ्ट मागे एक्सलला बोल्टने जोडणारी चकती) खूण करायची राहिली. सुरुवात कुठून करू?

— — —

खुणेचं सोडा, ती जुना शाफ्ट परत चढवताना लागते. क्लच दाबूनही थरथर राहते म्हणजे दोष इंजिनाचा नाही. ओम्नीत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाचेक फेरे होतात. 60 ला मिनिटाला जवळपास 3000. तिथे केसभर वाकडेपणाही जाणवतो.

पहिला संशय रंगावर. बाजारातले शाफ्ट सरसकट काळे रंगवतात, फ्लँजच्या तोंडावर आणि मधल्या गोल खाचेतही रंगाचे थेंब सुकलेले असतात. मग फ्लँज तिरका बसतो, बोल्ट कितीही आवळा.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा (विटा नकोत, फुटतात). मागे घोड्या (जॅक स्टँड) एक्सलच्या नळीखालीच. मागची बाजू उंच राहिली की शेपटीतून ऑइल सांडत नाही. चार बोल्ट काढा, दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. चारही बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे आवळा. नट नवे घ्या.

— — —

वरच्यात भर: बोल्ट लावण्याआधी शाफ्ट पूर्ण पुढे ढकलून बघा. दोन फ्लँजमध्ये 20-25 मिमी फट पडायला हवी. फट नसेल तर शाफ्ट लांब आहे, खड्ड्यात योक (शाफ्टचं गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकणारं पुढचं टोक) आत ठोकणार. योकवरून नख फिरवा. रंग किंवा ओरखडा लागला तर शेपटीतलं सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) त्यानेच कापलंय. गुळगुळीत करून नवं सील, ओठावर गिअर ऑइल लावून बसवा. नंतर गिअरबॉक्सची लेव्हल बघा.

— — —

रंग निघाला, फट 22 मिमी. थरथर निम्मी झाली. सील उद्या.

— — —

आता फ्लँज अर्धा फेरा फिरवून, म्हणजे दोन भोकं पुढे, लावा. तरी उरली तर शाफ्ट काढून बॅलन्सिंगला द्या. क्रॉस मात्र आधी हाताने हलवून बघा. नवा क्रॉस एका दिशेला अडत असेल तर बॅलन्सिंगचे पैसे वाया.