सिग्नलला बस शेजारी उभी असताना सायकलस्वाराने नेमके कुठे थांबावे?

कोथरूडची_पालक

माझी मुलगी यंदा आठवीत गेली असून शाळेत सायकलने जाण्याचा तिचा आग्रह आहे. घर कोथरूडला आणि शाळा डेक्कनच्या बाजूला असल्यामुळे कर्वे रस्त्याचा बराचसा भाग तिला रोज ओलांडावा लागेल. सायकल ती उत्तम चालवते, हात दाखवून वळते, ब्रेक आणि दिवे तपासूनच निघते. सरळ रस्त्याची मला फारशी चिंता नाही. चिंता आहे ती चौकांची. लाल दिव्याला बस उभी असते, तिची डावी बाजू आणि फूटपाथ यांच्यामध्ये सायकल जेमतेम जाईल एवढी फट उरते आणि बहुतेक सायकलवाले त्याच फटीतून पुढे सरकून थांबारेषेपाशी जातात. मुलीलाही तेच योग्य वाटते, कारण सिग्नल सुटला की सर्वांच्या आधी निघता येते. मला मात्र ती फट पाहूनच धडकी भरते. बसच्या मागे थांबावे, डावीकडून पुढे जावे, की उजवीकडून? ज्यांना बसची किंवा रस्त्यांच्या रचनेची प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कारणांसह सांगावे, म्हणजे मला तिला नुसते "जपून जा" असे सांगावे लागणार नाही.

निवृत्त_चालक

ताई, मी शहर बससेवेत चालक होतो, म्हणून चालकाच्या जागेवरून काय दिसते ते आधी सांगतो. चालक उजवीकडे बसतो. बसची डावी कड त्याच्यापासून दोन मीटरहून अधिक लांब असते आणि त्या बाजूची सगळी माहिती त्याला एका बहिर्गोल आरशातून मिळते. त्या आरशात माणूस लहान दिसतो आणि आहे त्यापेक्षा दूर वाटतो. पुढे इंजिन असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये चालकाच्या डाव्या हाताला इंजिनाचे झाकण असते, त्यामुळे डाव्या कोपऱ्यातला खालचा भाग मुळीच दिसत नाही. पुढचा थांबा चौक ओलांडल्याबरोबर असेल, तर उतरणारे प्रवासी सिग्नललाच पुढच्या दाराशी येऊन पायरीवर उभे राहतात आणि नेमके त्या आरशाच्या आड येतात. चालक कितीही दक्ष असला, तरी माणसांच्या खांद्यांपलीकडे त्याला पाहता येत नाही.

दुसरी गोष्ट दाराची. दिवा लाल असताना घाईतले प्रवासी मधेच उतरतात, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. डावीकडच्या फटीतून येणारी सायकल त्यांना दिसत नाही आणि सायकलस्वाराला तो पाय बाहेर पडेपर्यंत कळत नाही. धक्का लागून सायकल फूटपाथच्या बाजूला पडली तर खरचटण्यावर निभावते, पण ती बसच्या बाजूला पडली आणि त्याच क्षणी सिग्नल सुटला, तर मागचे चाक जवळच असते.

म्हणून मुलीला एवढे पक्के सांगा की उभ्या बसच्या डावीकडे शिरायचे नाही, मग इंडिकेटर चालू असो वा नसो. चालक कधी कधी वळताना उशिरा इंडिकेटर देतो. तसे व्हायला नको, पण होते. बसच्या मागे थांबावे, आणि तेही अगदी चिकटून नाही, तर उजवा आरसा आपल्याला दिसेल अशा जागी. आपल्याला आरशात चालकाचा चेहरा दिसत असेल, तरच चालकाला आपण दिसू शकतो.

रस्ते_अभियंता

वरील उत्तराला मी भूमितीची जोड देतो, कारण अनेकांना वाटते की बसचे पुढचे चाक जिथून गेले तिथूनच मागचेही जाईल. तसे होत नाही. बारा मीटर लांबीच्या बसमध्ये पुढच्या आणि मागच्या आसात (म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या जोड्यांत) साधारण सहा मीटर अंतर असते. पुढचा आस अकरा मीटर त्रिज्येच्या वळणावरून गेला, तर मागचा आस सुमारे सव्वानऊ मीटर त्रिज्येवरून जातो, म्हणजे पावणेदोन मीटर आतून. सायकलस्वाराला बसचे तोंड आपल्यापासून दूर जाताना दिसते, आपल्यासाठी जागा मोकळी झाली असे वाटते, आणि काही क्षणांतच बसचा मधला भाग तीच जागा व्यापतो. वळण जितके तंग, तितके मागचे चाक अधिक आत कापते. आपल्या जुन्या पेठांच्या कोपऱ्यांवर हा फरक आणखी वाढतो. मागच्या चाकापलीकडचा बसचा शेपटाकडचा भाग वळणाच्या सुरुवातीला उलट दिशेला, म्हणजे उजवीकडे, थोडा झुकतो. त्यामुळे बसच्या उजव्या अंगाला खेटून उभे राहणेही बरे नव्हे.

आता वेळेकडे वळू, कारण माझ्या मते त्याची चर्चा फार कमी होते. पिवळा दिवा बहुतेक ठिकाणी तीन सेकंदांचा असतो आणि तो मोटारींचा वेग धरून ठरवलेला असतो. ताशी बारा किलोमीटर वेगाने जाणारे मूल सेकंदाला साडेतीन मीटरही कापत नाही. तीस मीटर रुंदीचा चौक ओलांडायला त्याला नऊ सेकंद लागतात. हिरव्याच्या शेवटच्या क्षणी ते चौकात शिरले, तर पिवळा संपून आडव्या रस्त्याला हिरवा मिळेपर्यंत ते चौकाच्या मध्यभागीच असते. आपल्या सिग्नलवरच्या उलट्या मोजणीच्या आकड्यांमुळे आडवी वाहने दोन सेकंद आधीच सरकू लागतात. त्यामुळे आकडा पाचच्या खाली आलेला दिसला, तर मुलीने रेषेपाशी थांबावे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्यावे.

हे सगळे मुलांवर सोपवून चालणार नाही, हेही मला आवर्जून सांगायचे आहे. लंडनमध्ये बो येथील मोठ्या चौकात 2011 मध्ये दोन सायकलस्वारांचा ट्रकखाली मृत्यू झाल्यानंतर तिथे सायकलींना इतर वाहनांच्या काही सेकंद आधी सोडणारी व्यवस्था केली गेली आणि 2014 मध्ये सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या उंचीला छोटे दिवे बसवण्यात आले. कोपनहेगनमध्ये मोटारींची थांबारेषा सायकलींच्या रेषेपेक्षा काही मीटर मागे असते, त्यामुळे चालकाला सायकली समोरच दिसतात. युरोपीय संघात जुलै 2024 पासून नव्या बस आणि ट्रकमध्ये बाजूच्या सायकलस्वाराची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. पुण्याचा सायकल आराखडा महापालिकेने 2017 मध्ये मंजूर केला, तरी जे ट्रॅक झाले त्यांतले कितीतरी चौकाच्या थोडे आधीच संपतात, म्हणजे जिथे संरक्षणाची गरज सर्वाधिक तिथेच ते सोडून देतात. मागे नेलेली थांबारेषा आणि सायकलींसाठी रंगवलेला चौकोन यांना फार पैसा लागत नाही. पोलिसांनी ती जागा मोकळी ठेवली पाहिजे, एवढेच.

रोजचा_सायकलस्वार

निवृत्त चालकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक दुरुस्ती सुचवतो. बसच्या मागे थांबणे नेहमीच सुरक्षित नसते. आपल्या मागून दुसरी बस आली, तर सायकल दोन बसच्या मध्ये सापडते, आणि चढावर पुढची गाडी सुटताना थोडी मागेही येते. माझा रिवाज असा आहे की चौकात मी आधी पोहोचलो, तर कडेला न थांबता लेनच्या मधोमध, थांबारेषेवर उभा राहतो. मग बस माझ्या मागे येते आणि चालकाच्या समोरच्या काचेतून मी पूर्ण दिसतो. कडेला उभे राहिले की बस शेजारी येऊन लागते आणि नको असलेली फट आपोआप तयार होते. विजेवरच्या बस आल्यापासून हे अधिक महत्त्वाचे झाले आहे, कारण त्या सुटताना जुन्या इंजिनासारखा आवाज होत नाही.

निवृत्त_चालक

आपले म्हणणे मला मान्य आहे. आधी पोहोचल्यास समोर मधोमध, आणि बस आधी उभी असल्यास तिच्या मागे किमान एका सायकलीची लांबी सोडून, असे दोन्ही मिळून सांगावे. समोर उभे राहताना मात्र बसच्या नाकाला चिकटू नये. उंच गाडीत काचेच्या अगदी खालचे मूल चालकाला दिसत नाही, म्हणून तीन-चार पावले पुढे राहावे.

कोथरूडची_पालक

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना मी तिला घेऊन प्रत्येक चौकात थांबून हे दाखवणार आहे. एक शंका राहिली. शाळेजवळच्या चौकात तिला उजवीकडे वळावे लागते आणि त्यासाठी बसच्या ओळी ओलांडून मधल्या लेनमध्ये जावे लागते. तिथे काय करावे?

रस्ते_अभियंता

त्या चौकात तिने उजवी लेन घेऊच नये. डाव्या बाजूने सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यावर झेब्रा पट्ट्यांच्या पुढे न जाता थांबावे, सायकल उजवीकडे वळवून घ्यावी आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटला की त्याच्याबरोबर सरळ निघावे. एका सिग्नलऐवजी दोन लागतात, पण बसच्या ओळी तिला ओलांडाव्या लागत नाहीत. कोपऱ्यावर थांबायला जागा नसेल, तर उतरून झेब्रा पट्ट्यांवरून सायकल हाताने न्यावी. जाताना डावीकडे वळणाऱ्या वाहनांसाठी मोकळे वळण आहे का, ते रविवारीच पाहून ठेवा. तसे असेल तर लाल दिव्यातही तिथून बस येत राहतात, आणि तो कोपरा तिने सायकलवर बसून नव्हे, तर पायीच ओलांडावा.