अनुभव धागा: खिशात रोज बाळगायला मल्टीटूल कोणतं घेतलंत, आणि ते टिकलं का?

चाळकरी
पुतण्याला लिफ्ट मेंटेनन्समध्ये नोकरी लागलीय. त्याला एक बरं मल्टीटूल, म्हणजे पक्कड, पातं, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं एकात मिटणारं हत्यार, घेऊन द्यायचं मनात आहे. दुकानदार नुसती टूल्स मोजून दाखवतो, आणि यूट्यूबवरचे लोक बहुतेक जंगलातच राहतात. आपल्याकडे लोकलची गर्दी, घामट खिसा, चार महिने पाऊस. यात काय तगलं आणि कशाने दगा दिला ते लिहा. वापरलेलंच लिहा, ऐकीव नको. किमती नकोत, त्या रोज बदलतात.

विंगेतला
मी नाटकाच्या बॅकस्टेजला असतो. लेदरमन कंपनीचं वेव्ह वापरतो, बरीच वर्षं.

पहिली गोष्ट म्हणजे याचं पातं बाहेरच्या अंगाने उघडतं, पक्कड उलगडावी लागत नाही. अंधारात एका हाताने फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी चौकट, धरून दुसऱ्या हाताने सुतळी कापायची असते, तेव्हा हे कळतं. जुन्या धाटणीच्या टूलला आधी दोन्ही दांडे फिरवा, मग आतलं पातं नखाने ओढा, तोवर तिसरी घंटा झालेली असते.

दुसरं, लॉक. लॉक नसलेला स्क्रू ड्रायव्हर जोर लावला की मिटतो, तोही बोटांवर. आमच्या एका नेपथ्यवाल्याच्या तर्जनीवर त्याची खूण आहे. घेताना फक्त मोठं पातं लॉक होतं की आतली टूल्सही, हे विचारा. बरीच मॉडेलं इथेच काटकसर करतात.

तिसरं, हल्लीच्या वेव्ह प्लसला वायर कटरचे तुकडे स्क्रू काढून बदलता येतात. कडक तार कापून धारेला खाच पडली तरी टूल बाद होत नाही.

वजन मात्र २४० ग्रॅमच्या घरात. कुर्त्याच्या खिशात ठेवाल तर खिसाच उसवेल. पट्ट्याला लावा.

सुटा_स्क्रू
काका, लिफ्टचं काम म्हणालात म्हणून आधी हे वाचा. मल्टीटूलचे दांडे उघडं स्टील असतात. घरात २३० व्होल्ट, मशीनरूममध्ये थ्री फेजचे ४१५. पुतण्याला पहिल्यांदा इन्सुलेटेड मुठीची साधी पक्कड, टेस्टर आणि बरा मीटर घेऊन द्या. मी तापरिया कंपनीची वापरतो, सगळ्या साइटवर तीच दिसते. मल्टीटूल पॅनलचं झाकण खोलायला, केबल टाय कापायला, खोक्याची पट्टी उडवायला. वायरला लावायचं नाही. मेन बंद केलाय असं कुणी खालून ओरडून सांगितलं तरी नाही.

पर्सवाली
तुमच्या त्या पाव किलोच्या पकडी तुम्हाला लखलाभ. माझ्या किल्ल्यांना व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ५८ मिमीचा क्लासिक चाकू अडकवलेला असतो. छोटं पातं, कानस, कात्री, चिमटा, टूथपिक, संपलं. पातं क्वचित लागतं, कात्री रोज. गोळ्यांची स्ट्रिप, साडीच्या फॉलचा लोंबता धागा, कुरियरची पिशवी. लेडीज डब्यात एकीच्या ओढणीचा धागा दुसरीच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकला होता, दादर यायच्या आत कापून दोघी मोकळ्या केल्या.

एक बारकी गोष्ट. या कात्रीच्या दोन दांड्यांमध्ये एक इवलीशी स्प्रिंग असते. तीच आधी तुटते, मग कात्री आपोआप उघडत नाही. स्प्रिंग सुटी मिळते आणि घरी बसवता येते. त्यासाठी चाकू टाकून देणारे लोक मी पाहिलेत.

घाटवाट
ट्रेकला पक्कड लागते ती पातेलं चुलीवरून उतरवायला. बाकी +१ पर्सवालीताईंना, कात्रीशिवाय घेऊ नका.

खारंवारं
वेसाव्याला राहतो, घरात होड्या आहेत. ‘स्टेनलेस’ लिहिलंय म्हणून गाफील राहू नका. पातं चकचकीत राहतं आणि गंज धरतो बिजागरीत, तिथे मीठ आणि घाम साठून राहतो. उघडताना करकर आवाज, बोटाला तपकिरी भुकटी लागली की समजायचं. गोड्या पाण्यात बुडवून चार-पाचदा उघडझाप करा, कपड्याने पुसा, पंख्याखाली वाळवा, मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल घालू नका, काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरतं.

आणि चामड्याचं पाऊच पावसाळ्यात विसरा. ओल धरतं, बुरशी येते, टूल आत भिजत बसतं. नायलॉनचं घ्या.

कज्जेदलाल
कुणी काढला नाही म्हणून कायद्याचा मुद्दा मीच काढतो. शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची गोष्ट आहे, आणि घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपल्या टूलचं पातं तीन इंचांच्या आसपास. पण म्हणून छाती काढून फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मुंबईत मनाई आदेश निघतात, त्यात चाकूसुरेही येतात. सभा, मोर्चे, विसर्जनाचा बंदोबस्त असेल तेव्हा घरी ठेवा. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाका. मेट्रोच्या स्कॅनरवर हुज्जत घालून उपयोग नाही. रोज मेट्रोने जाणाऱ्याने बिनपात्याचंच घ्यावं, व्हिक्टोरिनॉक्सच्या जेटसेटरमध्ये कात्री आहे, पातं नाही.

चाळकरी
पुतण्या बाइकने जातो, सुटलो. आता खरं-खोटं कसं ओळखायचं ते सांगा. फुटपाथवर सगळ्यांवर स्विस क्रॉस असतो.

नागदेवीचा_वारकरी
फुटपाथवर जाऊच नका. हातात घेऊन बघायचं तर मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला चला, आख्खी गल्ली हत्यारांची. पक्कड मिटवून उजेडासमोर धरा, टोकाशी फट दिसली तर परत द्या. दांडे आडवे हलवून बघा, खडखड नको. आतलं एक टूल ओढताना शेजारची दोन सोबत वर आली, तर तेही नको. व्हिक्टोरिनॉक्स असेल तर मोठ्या पात्याच्या बुडाशी नाव कोरलेलं असतं, नुसत्या लाल मुठीवर भुलू नका.

बिल मागाच. लेदरमनची वॉरंटी २५ वर्षांची, व्हिक्टोरिनॉक्सची माल आणि बनावटीच्या दोषांपुरती आयुष्यभराची. स्क्रू ड्रायव्हर समजून पात्याने डबा उचकटलात, टोक मोडलं, तर ते तुमचं.

जाता जाता, हा टिम लेदरमन १९७५ साली जुनाट फियाट घेऊन युरोपात हिंडत होता. खिशातल्या चाकूला पक्कड असती तर, असं गाडी दुरुस्त करताना वाटलं, आणि पहिलं टूल बाजारात यायला १९८३ उजाडलं. आपल्या टॅक्सीवाल्यांनी फियाट पान्हा आणि तारेवर चालवल्या, त्यांना कुणी कंपनी काढून दिली नाही!

चाळकरी
वेव्ह प्लस, नायलॉन पाऊच, शिवाय इन्सुलेटेड पक्कड वेगळी. पुतण्या विचारतोय, पाऊच डावीकडे की उजवीकडे?

सुटा_स्क्रू
ज्या हाताने काम करतो त्याच बाजूला, पण थोडं मागे, वाकताना पोटात रुतायला नको. आणि कारच्या, म्हणजे लिफ्टच्या डब्याच्या, टपावर चढायचं असेल तर टूलला दोरी हवीच. वेव्हला कडी लावायची सोय आहे, तिथून दोरी घेऊन पट्ट्याला बांधायची. शाफ्टमध्ये वरून पडलेलं टूल खाली पिटमध्ये, म्हणजे तळाच्या खड्ड्यात, उभ्या माणसाच्या डोक्यात बसतं. हेल्मेट दोघांनीही घालायचं.