मदत हवी आहे: कुळागरात शिरताच ड्रोनच्या चित्रात मुंग्या येतात

पोफळीखाली: पहिलाच एफपीव्ही (कॅमेऱ्याचे चित्र गॉगल्समध्ये पाहत उडवायचा) ड्रोन जुळवला आहे. टेबलावर गॉगल्समध्ये चित्र स्वच्छ दिसते, पण ड्रोन कुळागरात (पोफळीच्या बागेत) शिरून तीसेक पावले गेला की पडदाभर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येतात. रविवारी भाच्याला उडवून दाखवायचे कबूल केले आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे, कोणता भाग बदलू?

सड्यावरचा: आधी माहिती द्यावी. यंत्रणा अ‍ॅनालॉग आहे की डिजिटल, व्हीटीएक्स (ड्रोनवरचा चित्र पाठवणारा ट्रान्समीटर) किती मिलिवॉटवर आणि कोणत्या चॅनलवर आहे, अँटेना कोणते आहेत?

खाजनकाठ: अ‍ॅनालॉगचा नाद सोडावा. मी दोन वर्षे या मुंग्यांशी झगडलो. डिजिटल घेतल्यावर पोफळीचे पान न् पान दिसू लागले.

सड्यावरचा: नवशिक्याला हा सल्ला देणे मला पटत नाही. खर्च कितीतरी वाढेल, आणि झाडीत सिग्नल तुटला की डिजिटल चित्र गोठते. अ‍ॅनालॉगमध्ये मुंग्या वाढू लागल्या की माघारी फिरायला निदान वेळ मिळतो.

पोफळीखाली: अ‍ॅनालॉग, ५.८ गिगाहर्ट्झ, २५ मिलिवॉट, रेसबँड या चॅनलसंचातला पहिला चॅनल (५६५८ मेगाहर्ट्झ). अँटेना दोन्हीकडे अर्थातच आहेत. ताकद २०० वर नेऊ का?

मांडवीतीर: नेऊ नये. मोकळ्या जागेतही ताकद चौपट केल्यावर अंतर दुप्पटच होते, आणि या लहरी पानांतल्या पाण्यात शोषल्या जातात. पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या कुळागरात तर अधिकच. तरीही तीस पावलांत चित्र जाणे हे एकट्या झाडांचे काम वाटत नाही. गॉगल्सवरही ५६५८ मेगाहर्ट्झच आहे ना? जवळून शेजारच्या चॅनलवरही चित्र दिसते आणि माणूस फसतो. शिवाय दोन्ही अँटेना आरएचसीपी (लहर उजवीकडे फिरवणारे) किंवा दोन्ही एलएचसीपी (डावीकडे फिरवणारे) हवेत.

निळे आभाळ: उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा तपासावी. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उडवता येत नाही.

पोफळीखाली: ते मी पाहिले आहे, माझा प्रश्न चित्राचा आहे. चॅनल तोच आहे, दोन्हींवर आरएचसीपी लिहिले आहे. मात्र ड्रोनवरचा अँटेना वेगळा विकत घेतला होता.

सड्यावरचा: हे पहिल्यांदाच सांगायला हवे होते. बॅटरी काढून तो अँटेना सोडवा आणि दोन्ही तोंडांत मधोमध काय आहे ते उजेडात पाहून लिहा.

पोफळीखाली: अँटेनाच्या तोंडात भोक आहे, व्हीटीएक्सच्या तोंडातही भोकच आहे. पितळी टाचणी कुठेच नाही. आटे मात्र नीट बसत होते.

सड्यावरचा: दोष तिथेच आहे. जोडणीच्या तोंडांचे दोन प्रकार असतात: आपला व्हीटीएक्स एसएमए आहे आणि अँटेना आरपी-एसएमए. आटे जुळतात, पण आतल्या तारेला तार लागत नाही, म्हणजे व्हीटीएक्स आजवर अँटेनाविनाच चालला. त्यामुळे तो तापून जळू शकतो. आता योग्य अँटेना बसेपर्यंत त्याला वीज देऊ नये. टाचणी असलेला एसएमए, आरएचसीपी अँटेना मागवा.

मांडवीतीर: बसवल्यावर आधी कापणी झालेल्या शेतात चालत दूर जाऊन पाहा. तिथेही तीस पावलांतच चित्र गेले, तर व्हीटीएक्स बदलावा लागेल.

पोफळीखाली: मागवतो. भाच्याला पुढचा रविवार सांगितला आहे.