मग पिल्लांचं काय झालं?

रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) ‘केवढे हे क्रौर्य!’ तुमच्यापैकी अनेकांना शाळेत होती. घायाळ पक्षीण पडत, उठत घरट्याशी पोचते, शेवटचा घास पिल्लांना देते आणि प्राण सोडते. परवा लेकीला वाचून दाखवली. पृथ्वी वृत्तातली १७ अक्षरांची ओळ म्हणताना माझाही श्वास पुरेना. लेकीने एवढंच विचारलं, “मग पिल्लांचं काय झालं?” मी गप्प. लहानपणी ही कविता तुम्हाला कशी भेटली? लिहा ना.

*

आमच्या बाई चालीवर म्हणायच्या. शेवटाकडे त्यांचाच आवाज बसला. वर्ग चिडीचूप.

*

सातवीत असताना दिवाळीनंतर आई गेली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं, पण मला सगळे “देवाघरी गेली, जा, शेजारी खेळ” एवढंच सांगत. शाळेत परतले तर हीच कविता चाललेली. मुली वळून वळून माझ्याकडे बघत होत्या. मला मात्र बरं वाटलं, खरंच सांगते. मरण हे मरणच आहे, असं पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर बोलत होतं. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी आईने माझा डबा भरला होता. गवारीची भाजी. नावडती म्हणून मी ती टाकून दिली होती. कवितेतला घास आला की मला तो डबा दिसतो.

*

आमच्या गावात प्रत्येक पोराच्या खिशात बेचकी असे. माझ्या खड्याने एक होला पडला. हातात घेतला तर गरम होता. मेलेलं म्हणजे गार, असं मला वाटायचं. आजोबांनी काही न बोलता खड्डा खणायला लावला. पुढच्या वर्षी ही कविता आली. पाठ केली नाही, छडी खाल्ली.

*

माझं मत थोडं वेगळं आहे. ही कविता ऐकल्यावर धाकटा भाऊ कितीतरी रात्री उठून आईचा श्वास चालू आहे का बघायचा. शिकवा, पण नंतर मुलांशी बोला. आमच्या वर्गात लगेच ‘समानार्थी शब्द लिहा’ सुरू झालं होतं.

*

आईवडलांमागे मला मामीने वाढवलं. तुमच्या लेकीचा प्रश्न मी तिला विचारला होता. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “असेल कोणी शेजारची चिमणी.” आणि तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली.